पेट म्हणजे पोट

गेल्या महिन्यात आमच्या साखरखेर्ड्यात मुखरोगाचं शिबिर झालं. ग्रामपंचायतीच्या सभागृहात खुर्च्या मांडल्या होत्या, मागे चहाचं पातेलं उकळत होतं आणि त्या वासावर आलेले आम्ही म्हातारे पहिल्या रांगा अडवून बसलो होतो. बोलायला एक तरुण डॉक्टर आला होता. पोरगा चांगला होता. तंबाखू, चुना, सुपारी, गालातला पांढरा चट्टा, भरून न येणारी जखम, सगळं त्यानं नीट समजावून सांगितलं. लोक जांभया द्यायला लागले तेव्हा त्यानं हुकमाचं पान टाकलं.

"तुमच्याच गावात एक गृहस्थ होते. तोंडाच्या कॅन्सरसाठी डॉक्टरांनी त्यांना पेट स्कॅन करायला सांगितला. तर ते म्हणाले, दुखतं तोंडात आणि फोटो पोटाचा कशाला? पेट म्हणजे पोट! आणि बसले घरी. अशा अज्ञानामुळे..."

पुढचं कुणी ऐकलं नाही, सभागृह हसत होतं. मीही हसलो, सवयीनं. तेवढ्यात बायकांच्या रांगेतून वच्छलाबाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्या गृहस्थांच्या ह्या पत्नी. त्यांच्या नजरेत राग नव्हता. मास्तर फळ्यावर चुकीचं उत्तर तसंच ठेवून पुढच्या गणिताकडे वळला की वर्गातली एखादी हुशार पोरगी बघते, तसं त्या बघत होत्या.

म्हणून लिहायला बसलो. त्या गृहस्थांचं नाव भिकाजी. गावासाठी भिकाभाऊ, माझ्यासाठी भिका. बसस्टँडच्या बाजूला त्याचं दाढी-कटिंगचं दुकान होतं. 'पेट म्हणजे पोट' हे तो म्हणाला नव्हता. मी म्हणालो होतो. मी जन्मभर हायस्कुलात हिंदी शिकवली. ह्या गावात त्या शब्दाचा अर्थ चुकीच्या जागी लावायचा अधिकार माझ्याइतका दुसऱ्या कुणालाही नव्हता.

पण भिकाला ह्या एका शब्दात गुंडाळून ठेवणं म्हणजे हत्तीला शेपटीवरून ओळखणं झालं. आधी तो कसा होता ते सांगतो.

बुटका, पोट सुटलेला, गळ्यात रुमाल, आणि डोक्यावर एक केस नाही. नवं गिऱ्हाईक त्याचं टक्कल बघून दारात घुटमळलं तर म्हणायचा, "या ना भाऊ. हलवाई सोता पेढे खाते का?" दुकानात दोन खुर्च्या होत्या. त्यातली एक खाली जाऊन अडकली होती, ती उंच माणसांसाठी. आरशाला कोपऱ्यातून तडा गेलेला. नवा आरसा का घेत नाहीस म्हणून विचारलं तर म्हणाला, "ह्या आरशात कोनीच देखनं दिसत नाही, सर. म्हनून दुकानात भांडनं होत नाहीत."

त्याच्या नावाचीही गंमत होती. त्याच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली. हा झाला तेव्हा आईनं त्याला सुपात घालून शेजारणीच्या ओट्यावर ठेवलं आणि मग पदर पसरून तिच्याकडून भीक म्हणून परत मागून आणलं. म्हणून भिका. यमाला वाटावं की हे मागून आणलेलं पोर, ह्याला नेऊन काय मिळणार. भिका ही हकिकत वस्तऱ्याला धार लावता लावता सांगायचा. "तवापासून यमाचं अन् माझं ठरेल हाये. तो दारावरून जाते, मी राम राम घालतो. तो म्हनते, अबे, हा तर भिकारी हाये, आन पुढं जाते."

गिऱ्हाइकानं बोलायचं नाही, हा दुकानाचा कायदा होता. बोलायचं काम मालकाचं. कुणी तोंड उघडायला गेलं की वस्तरा गळ्याशी टेकवून म्हणायचा, "हालू नका." हे त्याचं पालुपद. घरी वच्छलाबाई चिडल्या की त्यांनाही "हालू नको" म्हणायचा. एकदा भूकंपाचा बारीक धक्का बसला, माणसं दुकानातून बाहेर पळाली, आणि हा जमिनीकडे बोट करून ओरडला, "हालू नको बे!" धक्का थांबला. पुढे कित्येक दिवस तो त्याचं श्रेय घेत होता.

भिंतीवर देवांची कॅलेंडरं एकावर एक टांगलेली. त्याची भक्ती मात्र व्यावसायिक होती. "पाहा सर, हे देव चौदा वर्सं रानात राहून आले, अन् गालावर एक केस नाही. म्हन्जे सोबत न्हावी होता. रोजच्या रोज करत असन बिचारा. पन त्याचं नाव कोनी लिवलं? वानरायचीबी नावं लिवली, न्हाव्याचं नाही."

त्याचं खरं हत्यार वस्तरा नव्हे, अर्धी दाढी. गालाची एक बाजू चकाचक करायची, मग वस्तरा खाली ठेवून मुद्द्याला हात घालायचा. एका निवडणुकीत एक उमेदवार सकाळीच दाढीला आला. बाहेर जीपगाड्या हॉर्न वाजवत होत्या. उजवा गाल झाल्यावर भिकानं वस्तरा ठेवला आणि शांतपणे तंबाखू मळायला घेतली.

"साहेब, स्टँडवरच्या मुतारीचं काय?"

"होईल ना. आधी दाढी कर."

"तुमी मांगच्या वेळीबी असंच म्हनलं होतं. तवा मी दोनी गाल केले होते, थेच चुकलं माहं."

उमेदवारानं शपथ घेतली. भिकाला शपथ चालली नाही. शेवटी त्या माणसानं फेसानं माखलेलं अर्धं तोंड दारातून बाहेर काढून मुतारीची घोषणा केली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, मग डावा गाल झाला. मुतारी बांधली गेली. आजही आहे. दार नाही, पण आहे.

मी त्याच्याकडे दिवसाआड जायचो. दाढी मला घरीही करता आली असती, पण तिथे पेपर असायचा आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे मान असायचा. पेपरात अवघड शब्द आला की भिका मला विचारायचा.

"सर, हे अपरिहार्य म्हन्जे काय?"

"जे टाळता येत नाही ते."

"म्हन्जे वच्छला."

त्या दुकानापुरता मी शब्दकोश होतो. मी अर्थ सांगितला की भिका बाकीच्यांकडे बघून म्हणायचा, "झालं. सरायनं सांगतलं म्हन्जे शिक्का बसला." निवृत्त मास्तराला यापेक्षा मोठी पेन्शन नसते. शिक्का मारायची मला चटक लागली होती.

तंबाखू हे त्याचं एकमेव व्यसन. डावा गाल म्हणजे गोदाम. सकाळी माल भरला की दुपारपर्यंत तो गालात ठेवून अखंड बोलायचा आणि थेंब सांडायचा नाही. मी कधी टोकलं तर म्हणायचा, "मान्साले एक तरी खराब सवय पाह्यजे, सर. नाही तं मेल्यावर डॉक्टर कोड्यात पडते, हा मेला तं मेला कशानं."

मग त्या गोदामात जखम झाली. तिखट लागेना, भाकरी टोचायला लागली. मेहकरच्या दातांच्या डॉक्टरनं तुकडा काढून तपासायला पाठवला. तो खराब निघाला. त्यानं संभाजीनगरच्या मोठ्या डॉक्टरांकडे धाडलं. त्यांनी गाल पाहिला, मान चाचपली आणि ऑपरेशनच्या आधी एक तपासणी लिहून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खुर्चीत होतो. उजवा गाल झालेला, डाव्यावर फेस. दुकानात चार-पाच माणसं बसलेली. भिकानं खिशातून घडी घातलेला कागद काढला.

"सर, दुखते गालात. डॉक्टर म्हनते, पेट स्कॅन करून आना. हे कसं काय?"

कागद त्यानं माझ्यासमोर धरला होता. दाढीच्या वेळी चष्मा आरशाखालच्या फळीवर असतो. हात लांब केला असता तर पुरला असता. पण माणसं ऐकत होती, आणि विचारलेला शब्द माझ्या विषयातला होता.

"अरे, पेट म्हणजे पोट," मी म्हणालो. "पेट पालना, पेट काटना, पेट में चूहे कूदना. तोंडाचं दुखणं आणि पोटाचा फोटो! उद्या म्हणतील, गुडघ्याचा एक्स-रे काढू आणि दाढ उपटू."

काय हशा झाला! इतका हशा मला वर्गात कधी मिळाला नव्हता. एक जण तर हसता हसता बाकावरून घसरला. भिकाही हसला, आणि हसताना त्याचा चेहरा सैल झाला, हे मला बिनचष्म्याचंही दिसलं. वरून यमाशी कितीही सलगी दाखवली तरी आतून तो घाबरला होता. न जायला त्याला एक कारण हवं होतं. मी ते त्याला व्याकरणशुद्ध करून दिलं.

"झालं," तो म्हणाला, "शिक्का बसला," आणि कागदाची घडी घालून खिशात ठेवली. मग माझा डावा गाल केला. हात नेहमीसारखा हलका होता.

तेव्हा सोयाबीन फुलावर होतं. सोयाबीन निघालं, तूर शेंगांनी भरली, तरी भिका संभाजीनगरला गेला नाही. देऊळगाव राजाहून कुणीतरी आणून दिलेली हिरवी पूड गालात धरायचा. मला म्हणायचा, "फरक हाये." मी म्हणायचो, "असणारच." मला तरी दुसरं काय म्हणायचं होतं? मी आता त्या विनोदाचा मालक होतो. जखम बरी झाली तरच तो विनोद राहणार होता.

एका सकाळी वच्छलाबाई माझ्या घरी आल्या. आत या म्हटलं तरी आल्या नाहीत, ओट्याखालीच उभ्या राहिल्या.

"सर, ह्यायचं तोंड आता भाकरीएवढं उघडत नाही. तुमी काय सांगतलं होतं ह्यायले?"

"मी म्हणजे... आपलं सहज..."

"मी दवाखान्यातल्या नर्सबाईले इचारलं. थे म्हने, पेट म्हन्जे पोट नाही. इंग्रजी अक्षरं हायेत तीन. तुमी हिंदीचे ना? मंग तुमाले इंग्रजीत कोनं बोलावलं होतं?"

माझी बायको आतून भांडी वाजवत होती, ती थांबली.

"उद्या पाह्यटच्या गाडीनं जाऊन राह्यलो आमी. तुमीबी चाला. पोट घेऊन या संग."

गेलो. देऊळगाव राजा, जालना, संभाजीनगर. भिका उपाशी, कारण तपासणीआधी खायचं नव्हतं, साखर तर अजिबात नाही. "साखरखेर्ड्याच्या मान्साले साखरबंदी," तो जालन्यापर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता. तोंड पुरतं उघडत नव्हतं, पण त्यानं बोलण्यात काही कमी केलं नव्हतं.

तपासणीच्या जागी एक पोरगी होती, मशीन चालवणारी. चष्मा लावलेली, हसरी. तिनं भिकाला समजावलं ते मी शेजारी उभं राहून, मान खाली घालून ऐकलं. "काका, कॅन्सरची गाठ फार हावरी असते. अंगात साखर आली की ती बाकीच्यांच्या आधी ओढून घेते. आम्ही साखरेसारख्या औषधाला थोडा किरणोत्सर्गी माल चिकटवतो आणि सुईनं सोडतो. जिथं ते जास्त जमतं, तिथं मशीनला उजेड दिसतो. तोंडात असो, मानेत असो, नाहीतर छातीत असो. डोक्यापासून मांडीपर्यंत सगळं एकदम दिसतं."

"म्हन्जे चोराले जेवाले बलावून धरता तुमी," भिका म्हणाला. मग त्यानं माझ्याकडे वळून पाहिलं. डोळ्यांत चमक आली होती. "सर! पेट म्हन्जे जे पेटते थे! हिंदी नाहीच हो, मराठीच निघाली."

पोरगी हसली. तिला आपल्या मशीनचं कौतुक होतं. ही नवी आहे, म्हणाली. जुन्या मशीनला बोराएवढी गाठ दिसायची, त्याहून बारीक असली की निसटायची. हिला तुरीच्या दाण्याएवढीही दिसते. वेळ कमी लागतो, औषधही कमी लागतं. तोंडाचं अवघड असतं, सगळ्या गोष्टी एकमेकींना चिकटून असतात, म्हणून इथे नवी मशीन फार कामाची.

"मशीन नवी, माल जुना," भिका म्हणाला. "चालते ना?"

मग तिनं खरी शिक्षा सुनावली. सुई दिल्यावर तासभर पडून राहायचं. बोलायचं नाही, चघळायचं नाही, जीभ हलवायची नाही. जो स्नायू काम करतो तो साखर खातो. बोललात तर जीभ पेटलेली दिसेल आणि डॉक्टर गोंधळतील. "अजिबात हालू नका," ती म्हणाली.

जन्मभर साऱ्या गावाला जे ऐकवलं ते ऐकून भिकाचं तोंड, जेवढं उघडत होतं तेवढं, उघडं राहिलं. "सर," तो मला म्हणाला, "हे तं मारूनच टाकून राह्यले."

आम्हाला बाहेर बसवलं. आत पडद्यांच्या आड दोन पलंग. दुसऱ्या पलंगावर देऊळगाव राजाचा एक किराणा दुकानदार होता, त्यालाही गालाचंच दुखणं. तो म्हणे सुई टोचल्यापासून मुसमुसत होता. भिकानं किती वेळ सहन केलं कोण जाणे. पुढे विचारलं तेव्हा म्हणाला, "मानूस रडून राह्यला, सर, आन मी मुका पडून राहू? मी न्हावी हावो का सरकारी पुतळा?"

नंतर डॉक्टरांनी आम्हाला पडद्यावर चित्र दाखवलं, तेव्हा ते वैतागलेले होते. "काका, बोललात का तुम्ही?"

"नाही साहेब."

"ही बघा जीभ. हे जबड्याचे स्नायू. सगळं पेटलंय. बाजूच्या पेशंटचंही तेच."

भिका पडद्याकडे बघत राहिला. "वच्छले," तो म्हणाला, "हे मशीन तुह्यापेक्षा चुगलखोर हाये."

वर डोक्यातही लख्ख उजेड होता. त्यानं घाबरून विचारलं, इथंबी का? डॉक्टर म्हणाले, नाही, मेंदू नेहमीच साखर खातो, सगळ्यांचा तसाच दिसतो. "आयकलं का?" भिका बायकोला म्हणाला. "तू म्हनते ना रिकामं हाये म्हनून? पाहून घे." मग हळूच, "सरायचाबी फोटो काढा एखांद्या वेळी. तिथं काई दिसते का पाहू."

हसलो आम्ही. डॉक्टरही हसले. मग त्यांनी पेन उचलून पडद्यावर टेकवलं. जीभ पेटो न पेटो, डाव्या गालातला निखारा वेगळा कळत होता. आणि खाली मानेत आणखी एक ठिपका होता. बारका. तुरीच्या दाण्याएवढा.

मी विचारलं, "हे... आधी आलो असतो तर हा दुसरा नसता का?"

"सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "नसता, किंवा असताही."

ते वाक्य मी अजून चघळतो आहे. त्याला रस सुटत नाही आणि ते थुंकताही येत नाही.

बाहेर आलो तर तो देऊळगावचा दुकानदार मला भेटला. डोळे सुजलेले, पण चेहरा हसरा. "तुमचे दोस्त लय भारी मानूस हो. मी मरायच्या गोष्टी करत होतो, अन् त्यांनी मला पेट म्हणजे पोट सांगितलं. सोताच अर्थ लावला म्हणे, अन् सोताच घरी बसले! किती येडं असावं मानसानं!"

भिका चार पावलांवर उभा होता. त्याला ऐकू आलं. त्यानं मला डोळा मारला.

त्या वेळी 'नाही हो, तो अर्थ माझा' एवढं म्हटलं असतं तर काम भागलं असतं. मी म्हणालो, "हो ना." परत येताना भिका गाडीत सगळ्यांत मागच्या सीटवर एकटा बसला. अंगात किरणं आहेत, आजचा दिवस लेकराबाळांपासून दूर राहा, असं त्याला सांगितलं होतं. कुणी शेजारी यायला लागलं की हात वर करून म्हणायचा, "दूर बसा, मी पेटेल हावो." मी खिडकीतून बाहेर बघत होतो.

ऑपरेशन झालं. जबड्याचा तुकडा गेला, मानेच्या गाठी काढल्या, आणि गालाच्या आत छातीची कातडी शिवली. थोड्या दिवसांनी त्यानं मला जवळ बोलावलं. बोलणं बोबडं झालं होतं, पण माझ्या कानाला सवय होती. "सर, न्हाव्याच्या तोंडात केस उगवले." छातीचीच कातडी ती, तिनं आपला धर्म सोडला नव्हता. "आता आतून दाढी कोन करन? माह्या हयातीत असं गिऱ्हाईक नाही पाह्यलं." पुढे किरणांचा उपचार झाला आणि ते केस झडले. त्यावरही तो म्हणाला की आपली शेवटची दाढी विजेनं केली, आपल्यासारखी दाढी गावात कुणाची झाली नाही.

दुकान पुन्हा उघडलं तेव्हा कायदा बदलला होता. आता मालकाला फार बोलता येत नव्हतं, म्हणून गिऱ्हाइकांना बोलायची मुभा मिळाली, आणि मग कळलं की कुणाकडेच बोलण्यासारखं काही नव्हतं. भिकाकडे मात्र नवं हत्यार होतं. खुर्चीत बसलं की मोबाइलचा दिवा लावायचा आणि म्हणायचा, "आ करा." 'आ' म्हणायला धड जीभ लागत नाही. आधी तोंड दाखवायचं, मग दाढी. कुणी नाही म्हटलं तर अर्धी दाढी. एक पाटील चिडून अर्ध्या दाढीनिशी घरी गेले आणि घरच्यांच्या हसण्यानं परत आले. त्यांच्या तोंडात काही नव्हतं. चहाच्या टपरीवाल्याच्या ओठाआड चट्टा होता. भिकानं त्याला ओढत मेहकरला नेलं, बारीकसं कापून भागलं, तो आज त्याच टपरीवर चहा करतो आणि साखर जास्त घालतो.

आणि कुणी तपासणीला जायला भ्यालं की भिका ती गोष्ट सांगायचा. बोबड्या जिभेनं, हातवारे करून. "मी यडपट. म्हनलं, पेट म्हन्जे पोट." लोक हसायचे आणि जायचे. मी बाकावर पेपर धरून बसलेला असायचो. त्याला गोष्ट रंगवायला माझं नाव फार उपयोगी पडलं असतं. हिंदीचा मास्तर चुकला, ही न्हावी चुकल्यापेक्षा किती मोठी गंमत! त्यानं ते कधी घेतलं नाही. हळूहळू गावही विसरलं. त्या दिवशी बाकावरून घसरलेला माणूससुद्धा मला सांगायचा, "भिकाभाऊनं कसं म्हनलं होतं, सर, आठवते ना?" मी म्हणायचो, आठवते.

पुढच्या एका तपासणीत छातीत उजेड दिसला. त्या वेळी तो पूर्ण तास मुका पडून राहिला होता, हे वच्छलाबाईंनी मला सांगितलं. उन्हाळा संपायच्या आत गेला.

तेरवीला लोक म्हणाले, सर, तुम्ही दोन शब्द बोला. मी बोललो. वानरायचीबी नावं लिवली, न्हाव्याचं नाही, हे सांगितलं, मुतारीचं सांगितलं. आणि लोक ज्याची वाट बघत होते तेही सांगितलं. भिका म्हणाला, पेट म्हणजे पोट. हो, मीही असंच सांगितलं, माईक हातात धरून, त्याच्या फोटोसमोर. लोक हसले, मग डोळे पुसले. भाषण फार छान झालं, असं पुष्कळांनी सांगितलं. पंगतीत वच्छलाबाई स्वतः वाढत होत्या. माझ्या पानाशी आल्या, वरण वाढलं, आणि हळूच म्हणाल्या, "सर, पोटभर जेवा."

आता हे सगळं छापून आलं की शिबिराच्या डॉक्टरला एक प्रत देणार आहे. गोष्ट त्यानं सांगत राहावी, चांगली आहे, माणसं घाबरायची थांबतात. फक्त नाव दुरुस्त करावं.

भिकाला मी शेवटचं पाहिलं ते त्याच्याच दुकानात. तो वाळला होता, रुमाल गळ्यात सैल झाला होता, आणि सकाळी दोन-तीन दाढ्या केल्या की थकायचा. मी खुर्चीत बसलो, चष्मा फळीवर ठेवला. त्यानं दिवा लावला. "आ करा." मी तोंड उघडलं. त्यानं बराच वेळ आत पाहिलं, गाल ओढून कानाकोपरा बघितला. मग दिवा विझवला आणि एकेक अक्षर जुळवत म्हणाला, "तुमचं तोंड साफ हाये, सर."

तोंड उघडंच होतं. म्हटलं, आता बोलून टाकावं.

"भिका, ते पेटचं... ते मी..."

त्यानं मला पुढे जाऊ दिलं नाही. "हिंदीत बरोबरच होतं, सर," तो म्हणाला. "हिंदीत पोटच."

आणि त्यानं भरलेला ब्रश उचलून गाल सोडून सरळ माझ्या ओठांवरच फिरवला. एकदा, मग पुन्हा, फेस नाकात जाईपर्यंत. बिनचष्म्याच्या आरशात मला एक पांढरा गोळा दिसत होता आणि त्याच्यामागे एक टक्कल, हसून हलणारं.

"हालू नका," तो म्हणाला.

मी हललो नाही.